बेक्तुर्सुनचा जीव माझ्या शर्टात

आन् मी वरडीन कशाला, जावईबापू? वरडायची सोय ठेवलीया का तुमी? माझा आवाज चढला की छाती हालती, छाती हालली की शर्टातला तुमचा साप मुटकुळं करून तोंड आत घालतो. म्हून सा दिस झालं, मी हळू बोलतूय. (तुमची सासू उलकान म्हनती, तीस वरसांत पयल्यांदाच ह्या घरात मानसं ऱ्हात्यात असं वाटतंय.)

काल फोनवर लेकीला म्हनलासा, "तुझ्या बापाला साधा साप सांभाळता येईना." साधा? त्याच्यापायी शहरातल्या घरमालकानं तुमाला हाकलाय काढलं, तवा कसं ग्वाड बोललासा! "मामा, लई गरीब जनावर हाय. चावत न्हाई. खोक्याचं एक टोक गरम, एक गार ठेवायचं, कुटं बसायचं ते त्याचं त्यो ठरवतो." गरम टोकाखाली लाईटची चटई, आन् ती जादा तापू नये म्हून तिला एक डबी. बरं. मंगळवारी वाऱ्यानं खांब पडलं. लाईट गेली. भाईर उणे पंचवीस. आता बोला.

मी म्हनलं, गरम म्हंजे गरम. खोकं उचललं आन् कोळशाच्या शेगडीला टेकवलं. तासाभरानं वास आला. बघतो तर खोक्याचा कोपरा मेनावानी वाकलेला, चटई डबीसकट खल्लास, आन् साप त्याच कोपऱ्यात गप बसलेला. पोटावर तळहातायेवढं लालभडक. आरं हाल की! फुस तरी कर! आमच्या घोडीच्या शेपटीला नुसता हात लावला तर ती मानसाचं दात पाडती. ह्यो भाजला तरी गप. असला स्वभाव काय कामाचा?

मग म्या डोकं लढवलं (हितंच चुकलं). मानसाच्या अंगाची ऊब ना कमी ना जादा, आन् तिला डबी लागत न्हाई. घातला शर्टात, वरनं कोट. तेवढ्यात उलकान आली.

"बेक्तुर्सुन गेला. चल."

"मी न्हाई येत."

"पान्याच्या पाळीवरनं नऊ वरसं शेजाऱ्याशी बोलला न्हाईस. आता त्यो बी बोलायचा न्हाई. चल म्हंते न्हवं!"

गेलो. मयताच्या लोकरी नमद्याच्या तंबूभाईर गडी काठीवर वाकून रडत व्हते, मी बी वाकून रडलो. मग आत गेलो, पडद्याआड मयत, त्याच्याफुडं वाकून म्हनलं, "माफ कर, बेक्तुर्सुन." आन् कोटाखालनं तुमचा साप सटाककन गालिच्यावर. भिंतीकडं तोंड करून रडगानं म्हननाऱ्या बायका वळल्या. गानं जागच्या जागी थांबलं.

"कुनी हात लावू नका!" बुरुल आजी वरडली. "घरात आलेल्या सापाला मारत न्हाईत. त्याच्यावर वताय पांढरं आना, दूध न्हाईतर दही! अगं, ह्या थंडीत साप? आन् असल्या नक्षीचा? ह्यो साप न्हाई, ह्यो बेक्तुर्सुन हाय. बघा कुनाच्या पायाशी आलाय!"

त्याचा थोरला, तुर्दुबेक, माझा हात धरून रडाय लागला. "काका, आबा तुमची माफी मागाय आलं!"

मला सांगा, तितं काय बोलायचं? आबा न्हवं, जावयाचा साप हाय, मयतीला संगं घेऊन आलोय? मी जल्मात पयल्यांदा गप बसलो. आन् नगं तितं बसलो.

त्यांनी वाडगाभर गार दही त्याच्या डोक्यावर वतलं. साप गोळा झाला. "बघा, वाकला!" मग लाकडी फावड्यावर घेऊन, लई मानानं, भाईर बर्फात ठेवला, डोंगराकडं तोंड करून. "जा आबा, सुखानं जा." चाळीस मानसं हात पसरून दुवा मागाय लागली. मी बी मागितली. माझी येगळी व्हती.

कुनी जागचं हालंना. साप बी हालंना. शेवटाला मीच धावलो. उचलला तर काठीवानी ताठ. कोट उघडला, शर्टात घातला, वरनं दोनी हात आवळलं.

बुरुल आजीनं हंबरडा फोडला. "नऊ वरसांनी मिठी मारली गं!"

आज सावा दिस. लाईट आली, पन चटई कुटाय? मी गोधड्यांखाली उताना पडलोय. साप श्वास घेतो तवा घरघर वाजतं, तोंडाशी फेस येतो. पोटाची कातडी सोलतीय. तालुक्याचा जनावरांचा डॉक्टर म्हनला, "मला मेंढ्या कळत्यात. ह्याला ऊब द्या, पन भाजू नका." (आता सांगतोय!) घरघर थांबली की माझा बी श्वास थांबतो, परत वाजली की सुटतो.

आन् तुर्दुबेक रोज मयताच्या नावानं कणकेचं बोरसोक तळून आनतो, माझ्या पोटाफुडं मांडी घालतो आन् बापाला घरचं सगळं सांगतो. काल म्हनला, "काका, आबांना इचारू का, पान्याची पाळी तुमाला सोडू म्हून?"

मी म्हनलं, "इचार."

इचारलं. साप घरघरला.

तुर्दुबेकनं मान हालवली. "न्हाई म्हनत्यात."

ऐकलंसा? मेल्यावर बी न्हाई म्हनतो, आन् मी त्याला पोटावर शेकतोय! पन ह्यो मेला तर गाव काय म्हनंल? जित्यापनी बोलला न्हाई, मेल्यावर घरात आनून परत मारला. आन् खरं सांगू, मला बी तसंच वाटंल. भाजला तवा बी चावला न्हाई मला ह्यो. एकदा बी न्हाई.

बर्फानं बंद पडलेला डोलोनचा घाट कालच उघडलाय. नवी चटई, डबी आन् सापाचा डॉक्टर घ्या, आन् आजच निघा.