पाटीला चुना

खंडेराव चौकीदार मूळचा नगरकडचा. बायको गेलेली, लेक सासरी. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू होताना, आणि दोघांचं तेव्हापासूनच पटलं नाही.

चौसष्ट साली घिवलीकडे वीजकेंद्रासाठी जमिनी मोजायला साहेबलोक आले. त्यांच्यातल्या एकाला शोध लागला, की किनाऱ्यावरचं पिराचं ठाणं फार जुनं आहे. कोळ्यांना आणि मुसलमानांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण त्याला शोध म्हणत नाहीत. सरकारने तिथे पुरुषभर उंचीची सिमेंटची पाटी उभी केली : ‘संरक्षित वास्तू. हात लावू नये.’ आणि पाटीशेजारी खंडेरावला उभं केलं.

त्या दिवसापासून पिराला कुणी हात लावला नाही आणि खंडेरावशी कुणी बोललं नाही. दुपारी सुरूच्या सावलीत तो भाकरीला पाटी मोठ्याने वाचून दाखवायचा. माणसाचा आवाज कानावर पडावा, एवढंच.

नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली आणि येसूबाई कोळीण चुन्याची बादली घेऊन दत्त म्हणून उभी राहिली. मागे कासमभाई, हातात कुंचा.

“सरक बाजूला.”

“न्हाई मावशी, हुकूम हाय.”

“पिराला चुना लावल्याबिगर आमची होडी पाण्यात जात नाय. वादळात तुजा सायब येल काय?”

“अरे भाई,” कासमभाई समजुतीने म्हणाले, “उगवतीची बाजू हिची, मावळतीची माझी. बापजाद्यांपासून. चुना नसता तर खाऱ्या वाऱ्याने दगड कवाच खाल्ला असता.”

खंडेरावला ते पटलं. पण पटणं त्याच्या कामात बसत नव्हतं. दोघं पाठ फिरवून निघाली. आता पुन्हा आपण आणि भाकरी! तो घाईने ओरडला, “मावशी! हुकूम पिरापुरता हाय. पाटीला हात लावू नये, असं पाटीवर कुठंय?”

येसूबाई थबकली. “पिराच्या आंगणातच हाय म्हना ती.”

पाटीला पहिला हात बसला. दुसऱ्या दिवशी अख्खा कोळीवाडा आला. आठवड्यात अक्षरं बुडाली. हार आले, अगरबत्त्या आल्या, कासमभाईंनी हिरवी चादर घातली. “खंडू, जेवलास काय रं?” जो तो विचारी. बोलून बोलून खंडेरावचा घसा बसला. संरक्षित पीर तेवढा नियमाप्रमाणे झिजत राहिला.

मग साहेब तपासणीला आले.

“पाटी कुठाय?”

साहेबांनी त्या पांढऱ्या शिळेला दोन प्रदक्षिणा घातल्या.

“अरे! ही दुसरी वास्तू अहवालात कशी नाही? किती जुनी?”

“मी आलो तवाची हाय, साहेब,” खंडेराव खरं तेच बोलला.

महिन्याभरात तिच्याभोवती कुंपण पडलं. बाहेर नवी सिमेंटची पाटी : ‘संरक्षित वास्तू. हात लावू नये.’ दुसऱ्या चौकीदाराची जागा मंजूर झाली. माणूस आला नाही. गावानेही येणं सोडलं.

आठ दिवस खंडेरावने भाकरीला नवी पाटी वाचून दाखवली. नवव्या दिवशी त्याने स्वतःच चुना कालवला, नव्या पाटीला एक हात मारला, वर जास्वंदीचं फूल खोचलं आणि काही न पाहिल्यासारखा समुद्राकडे तोंड करून बसला.

उन्हं कलली. मागे बादली वाजली.

“कवढा पातल कालवलास रं,” येसूबाई म्हणाली. “सरक.”