रुपरावांच्या काचपेटीची मोहीम

शिळे पाणी माणसास देऊ नये. सक्करदऱ्याचा तलाव आजवर कोणी घासलेला नाही. राखेने काच लखलखते. सासऱ्याचा पाय मोडला तर जावयास जावेच लागते.

ऐसी विस्कळीत वचने मनी धरून सज्जनांनी हा मजकूर ऐकावा. इंग्रजी सन एकोणीसशे छत्तीस, मुक्काम नागपूर. कचेरीचे हेडक्लार्क रुपराव यांनी साहेबाच्या बंगल्यात काचेच्या पेटीत मासे पोहताना पाहिले, आणि चित्त ठिकाणी राहीना. मग खासे जातीने सायकलस्वार होऊन सक्करदऱ्यावर चालून गेले, आणि धोतराच्या सोग्याने चंदेरी मासे कैद करून, बादलीत घालून, घरी दाखल जाहले. बैठकीत काचपेटी मांडिली. तेव्हा कुटुंब प्रयागबाई यांनी फर्मान काढिले जे, "पोळ्याले मासा जित्ता दिसला तं पेटी तुमची, नाई तं माह्या पापडाईची." रुपरावांनी शर्त कबूल केली, कारण शेजारी चंद्रभान कुंपणापलीकडून ऐकत होते आणि माघार अब्रूस शोभेना.

मग पाहुणचाराचा बंदोबस्त जारी जाहला. मासा तोंड उघडतो म्हणजे भुकेला आहे, ऐसा इन्साफ करून रुपराव भात टाकीत, बाई पोळीचा कुस्करा टाकीत, आणि आलागेलाही आग्रहाने चिमूटभर टाकी. पाणी गढूळ जाहले. गढूळ ते शिळे, म्हणून रोज सकाळी पेटी रिती करावी, हंड्यासारखी राखेने घासावी आणि नळाचे ताजे पाणी काठोकाठ भरावे, ऐसा शिरस्ता पडला. इतकी निगा साहेबाच्या माशांच्याही नशिबी नव्हती. परंतु मासे कृतघ्न निघाले. एकामागून एक उताणे पडू लागले, आणि चंद्रभान कुंपणावरून विचारपूस करीत जे, "काहून गा रुपराव, आज कोनाची पाळी?" यावर रुपरावांनी मोठी मसलत करून राख दुप्पट केली.

अखेरीस एक मासा उरला, आणि हुडकेश्वराहून खबर आली जे, सासरेबुवा बांधावरून पडून पाय मोडून बसले. कूच करणे प्राप्त जाहले. मासा हवाली करावा तर कोणाच्या? चंद्रभानाच्या तर मुळीच नव्हे. मग घरास कुलूप घालताना रुपरावांनी पेटीकडे शेवटचे पाहून घेतले, आणि बैलगाडीत हुडकेश्वर येईतो मान मागेच वळवून बसले.

पोळ्याच्या सकाळी स्वारी परतली. प्रयागबाई पापडांचा डबा बगलेत मारूनच आत शिरल्या. पाणी हिरवट, काचेवर शेवाळ, आणि त्या शेवाळास तोंड लावून मासा जिवंत, वर अंगाने भरलेला! बाई थक्क होऊन बोलल्या जे, "म्हंजे तुमी काईच केलं नाई, तवा तो जगला वाट्टे!"

रुपरावांनी तत्काळ जाहीर केले जे, हाच आमचा गुप्त डाव होता. मग हुकूम सुटला: राख बंद, आग्रह बंद, दाणा चिमूटभर, आणि आठवड्यास तांब्या-दोन तांबे पाणी बदलावे, अधिक शौर्य कोणी करू नये. चंद्रभानांस कुंपणावरून आत बोलावून मासा दाखविला, ते साक्षीदार जाहले. पेटी रुपरावांकडे राहिली, पापड डब्यात राहिले, आणि शत्रू कोण होता याचा उल्लेख टाळून, फत्ते जाहली ऐसे येथे रुजू केले असे.

पहिला मासा मेला त्या दिवशी रुपराव जेवले नव्हते.