मुदत संपलेली जळू

चूक एवढीच झाली, की नवरा सकाळी लवकर उठला आणि त्याने बायकोला मदत केली.

नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. मुदत संपलेली एक गोळीही त्याच्या फळीवर सापडायची नाही. ही शिस्त दुकानातच ठेवून यावी, तर ते त्याला जमत नसे. सकाळी बायकोचा लॅपटॉप टेबलावर उघडा दिसला, त्यावर 'नवीन व्हर्जन आलं आहे' अशी चौकट दिसली आणि त्याचे हात शिवशिवू लागले. त्याने सगळं नवं करून टाकलं. वर 'जुन्या फाइल्स काढायच्या का?' असं विचारल्यावर तो अगदी मनापासून हो म्हणाला.

"अगं, तुझा लॅपटॉप एकदम ताजा करून ठेवलाय," चहाचा कप पुढे करत तो म्हणाला. "काय एकेक जुनं व्हर्जन होतं त्यात! मुदत केव्हाच संपलेली."

बायकोचा हात कपापर्यंत पोहोचलाच नाही.

बायको जळूवर संशोधन करत होती. जळू खरी नव्हे. जळूच्या मज्जापेशींचं जाळं तिने कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. प्रोग्राम सुरू केला की त्या पेशी एकमेकींना इशारे देत आणि पडद्यावरची जळू ऐटीत पोहू लागे. आज दुपारी चारला तिची तोंडी परीक्षा होती. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी हा प्रोग्राम आपल्याकडे चालवून पाहिला होता आणि तो चालला नव्हता. त्यांनी मार्गदर्शक मॅडमना साफ कळवलं होतं, की माझ्या डोळ्यांदेखत जळू पोहली तर पदवी, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. एवढ्या वर्षांची मेहनत त्या एका जळूच्या अंगावर होती.

तिने प्रोग्राम सुरू केला. पडदा लाल अक्षरांनी भरून गेला. ही फाइल जुन्या व्हर्जनची आहे आणि आम्ही हिला ओळखत नाही, असा त्या सगळ्याचा सारांश होता.

"काही बिघडलं का?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"रागावलीस?"

"रागावणार आहे. पण संध्याकाळी. आत्ता वेळ नाही."

तिने केस करकचून बांधले. ते तिने असे बांधले की समोरच्याने शरण यायचं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कॉम्प्युटरला ठाऊक नव्हतं.

तिने इंटरनेटवरून प्रोग्रामचं जुनं व्हर्जन शोधून आणलं. ते म्हणालं, मी ज्या भाषेत लिहिलंय ते पायथनही मला जुनंच लागतं. तिने जुनं पायथन आणून बसवलं. तर गणितं करणारी लायब्ररी अडून बसली, की या म्हाताऱ्याबरोबर मी काम करणार नाही. तिने लायब्ररी बदलली. तेवढ्यात चित्रं काढणारी लायब्ररी फुगली, की गणितवाली इतकी जुनी असेल तर मला जमायचं नाही. लग्नघरात एका पाहुण्याची समजूत काढावी आणि तेवढ्यात दुसऱ्याने रुसावं, तसं चाललं होतं. चित्रवालीची समजूत निघाली तेव्हा पडद्यावर सकाळचीच पहिली लाल ओळ पुन्हा हजर झाली.

"मी काही मदत करू का?" नवरा दारातून म्हणाला.

"कर ना. दुकानात जा."

तो गेला नाही. आज दुकान उघडायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तो अपराधी चेहऱ्याने भाजी चिरत बसला आणि मधूनमधून तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवत राहिला. पाणी पिऊन पिऊन ती आणखी वैतागली.

जेवायची वेळ टळून गेल्यावर मात्र लाल अक्षरं संपली. सगळे पाहुणे एका पंगतीला बसले. पडद्यावर जळू आली, थरथरली आणि पोहू लागली.

"जमलं!" नवरा ओरडला.

"नाही जमलं. नीट बघ. शेपटाकडून पोहतेय."

"पण पोहतेय ना?"

"तुझ्या दुकानात कुणी डोळ्यांत घालायचे थेंब मागितले तर कानात घालायचे देतोस का?"

तिने कपाळ टेबलावर टेकलं. रडू अगदी डोळ्यांशी आलं होतं, पण तेही तिने संध्याकाळवर ढकललं.

इतक्यात आतल्या खोलीतून टिंग असा आवाज आला आणि पाठोपाठ सासरेबुवांचा खणखणीत आवाज. "नंतर ये!"

हा आवाज रोजचाच होता. सासरेबुवांची सगळी नोकरी एका सरकारी खिडकीमागे गेली होती, आणि खिडकीशी जो कोणी येई त्याला ते 'नंतर या' असं सांगत. निवृत्तीनंतर सांगायला कुणी उरलं नाही. मग सुनेचा जुना लॅपटॉप त्यांना पत्ते खेळायला मिळाला, आणि तो रोज मोठ्या अदबीने विचारू लागला, की नवीन व्हर्जन घ्यायचं का? सासरेबुवांना पुन्हा खिडकी मिळाली. ते रोज मोठ्याने 'नंतर ये' म्हणत आणि मग तेच बटण दाबत.

सूनबाईने मान वर केली.

"बाबा!" ती धावतच आत गेली. "या लॅपटॉपवर याने कधी काही नवं केलंय?"

"हात तर लावू दे! माझं खोकल्याचं औषध फेकलं ना याने, त्या दिवसापासून माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावू देत नाही मी."

याच लॅपटॉपवर तिने संशोधन सुरू केलं होतं, हे ती विसरूनच गेली होती. जुना प्रोग्राम जिथल्या तिथे होता. तिने आपली फाइल आणून त्यात घातली. जळू आली, थबकली आणि तोंड पुढे करून डौलात पोहत निघाली. आता मात्र सूनबाई रडलीच.

"रडतेस काय? घेऊन जा," सासरेबुवा म्हणाले. "पण डाव रंगात आलाय, तो मोडायचा नाही. मी बरोबर येणार. आणि हा तुझा नवरा लॅपटॉपपासून लांब बसणार."

चारला परीक्षेच्या हॉलमध्ये लॅपटॉप जोडला, तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांत आधी पत्तेच दिसले. परीक्षक लॅपटॉपपाशी बसले होते. बटण मीच दाबणार, असा त्यांचा आग्रह होता.

"ती राणी इकडे का नाही घेतली?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम ठेवलीय," मागच्या रांगेतून उत्तर आलं.

मग जळू आली. परीक्षकांनी बटण दाबलं, ती पोहली. त्यांनी पुन्हा दाबलं, ती पुन्हा पोहली. परीक्षक पुढे झुकले, आणि तेवढ्यात टिंग वाजलं. जळूच्या अंगावर भलीमोठी चौकट आली.

"नवीन व्हर्जन म्हणतंय," परीक्षक पुटपुटले. "घेऊन टाकू या की." त्यांचं बोट पुढे झालं.

"नंतर! साहेब, नंतर!"

नवरा दोन खुर्च्या आडव्या पाडून पोहोचला होता. परीक्षकांच्या हाताखालून हात घालून त्याने योग्य ते बटण दाबलं आणि घाम पुसत तिथेच उभा राहिला.

"लावला हात शेवटी," सासरेबुवा शेजारच्याला म्हणाले. "पण आज माझा मुलगा शोभला."

परीक्षक विचारात पडले. "म्हणजे माझ्याकडे चाललं नाही, ते..."

"तुमच्याकडे नवं व्हर्जन असणार सर," सूनबाई म्हणाली. खरं सांगायचं तिने येतानाच ठरवलं होतं. "आणि नव्यावर बसवायचा प्रयत्न केला तर ती शेपटाकडून पोहते. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण शोधल्याशिवाय सोडणार नाही."

परीक्षकांनी तिच्या घट्ट बांधलेल्या केसांकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारायचा बेत रद्द केला.

"मग निकाल?" मार्गदर्शक मॅडमनी हळूच विचारलं.

"सांगू की, घाई काय आहे?" परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "चहा होऊ दे. नंतर सांगतो."

सूनबाईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. नवऱ्याने डोळे मिटले. मागच्या रांगेत खुर्ची करकरली. जन्मभर अख्ख्या गावाला खिडकीतून परत पाठवणारे सासरेबुवा उठून उभे राहिले होते.

"नंतर नाही हं, साहेब," ते म्हणाले. "आत्ता. आत्ताच्या आत्ता सांगा."