बोकडाची वर्तुळपाकळी

सोसायटीच्या आवारात बोकड बांधायची परवानगी दिलीच कोणी, या प्रश्नावर गुरुदत्त सरांचं डोकं सकाळीच तापलं होतं.

"सेक्रेटरीनं दिली," तळमजल्यावरचा काशिराम म्हणाला. "पुतनीची हळद हाय, सर. तवर काय त्याला बेडरूममधी बांधू?"

"आणि आमची जास्वंद? सुनीतानं माहेरून, रेवदंड्याहून आणलीय. पहिली कळी धरलीय तिला!"

कुंडी फार हलवता येत नव्हती. करंजाड्यातल्या त्या दाटीत ऊन यायचं ते तेवढ्याच पट्ट्यात. शेवटी दहावीच्या भूमितीचे क्लास घेणाऱ्या सरांनी भांडण गणितावर आणलं. खुंटी कुंपणाच्या कोपऱ्यात, म्हणजे कोन नव्वद अंश. दोरी दहा फूट, तीच त्रिज्या. वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस फूट, तेवढं बोकडाचं. सरांनी खडूने कंस ओढला. कुंडी कंसाबाहेर वीतभर होती.

"एक पान गेलं तर क्लास बंद करीन," ते बायकोला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धी जास्वंद गायब. कळी तेवढी वरच्या फांदीला म्हणून वाचली होती.

"काशिराम! दोरी वाढवलीत तुम्ही!"

"आयशप्पत नाय!"

सरांनी टेप लावला. दोरी दहा फूटच भरली. त्यामुळे तर ते जास्तच भडकले.

"अहो, दोरी गळ्याला बांधलीय," सुनीताबाई खिडकीतून म्हणाल्या. "गळ्यापुढे मान आहे, मानेपुढे तोंड आहे."

"गणितात बोकड हा बिंदू असतो!"

"मग पानं त्या बिंदूनंच खाल्ली का?"

वरच्या गॅलरीतून कोणीतरी खिदळलं. सर लालबुंद झाले. आता त्रिज्या बारा! कुंडी सरकवून बाराच्या बाहेर, कंस पुन्हा, आणि तोही अचूक! खुंटीची दोरी हाताशी होतीच, फक्त तिच्या टोकाला बोकड होता. सरांनी तो सोडला, खांद्यावरचा टॉवेल दोरीला गाठ मारून जोडला, टोक मनगटाला गुंडाळलं आणि सेक्रेटरीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत सगळ्यांना शिव्या घालत, वाकून, कंस पुरा केला.

कंस सुरेख उतरला. सर कौतुकाने वळले. कुंडीत काडी उरली होती. कळी चावत चावत बोकड गेटकडे निघाला होता.

पाल्याचा भारा घेऊन आलेला काशिराम जागच्या जागी थांबला. दोरीचं एक टोक खुंटीला, दुसरं सरांच्या मनगटाला.

"वैनी," त्यानं खिडकीकडे बघून हाक मारली, "सरांना हितं कोनी बांधलं?"

सुनीताबाईंनी काडीकडे पाहिलं.

"राहू दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोकड धरा. यांना संध्याकाळपर्यंत सोडू नका."