दुसऱ्या पाळीचा मोगरा

आमच्या शेजारचे मानेकाका झाडं विकत घेत नाहीत, कामावर घेतात. मूळचे साताऱ्याकडचे. बोईसरच्या एका कारखान्यात जन्म घालवला आणि निवृत्त झाल्यावर तोच कारखाना घरापुढच्या वीतभर बागेत आणून बसवला. जास्वंद सकाळी फुलते, म्हणून ती पहिल्या पाळीची. रातराणी अर्थातच रात्रपाळीची. गुलाब आपल्या मर्जीने फुलतो, सबब तो साहेब लोकांतला. एकदा गुलाबाची पानं पिवळी पडली म्हणून मी खत सुचवलं, तर म्हणाले, "रजेवर आहे तो. तू मध्ये पडू नको."

यंदा होळी झाली आणि काकांनी जाहीर केलं, "दुसऱ्या पाळीला माणूस नाही. चैत्रात हजर होणारा पाहिजे." माणूस म्हणजे फूलझाड, आणि दुसरी पाळी म्हणजे दुपार ते रात्र. मला स्कूटरवर मागे बसवून त्यांनी थेट सफाळ्याची नर्सरी गाठली.

नर्सरीवाल्या बाईंनी कौतुकाने बोगनवेल पुढे केली. "बारा महिने रंग, काका!"

"म्हणजे ही घरी जातच नाही? मुकादम दिसते. पुढचं."

"गुलबक्षी घ्या मग. उन्हं कलली का उघडते. पन पावसात."

"हंगामी कामगार नको. पुढचं."

शेवटी मोगरा आला. चैत्रात बहर, उमलायची वेळ संध्याकाळची. पण काका नुसत्या शब्दावर कोणाला कामावर घेतील तर शपथ! एक टपोरी कळी हेरून तिच्यासमोर पालथ्या कुंडीवर ठाण मांडून बसले. दिवस मावळायला आला तशी बाई वैतागल्या.

"आवो, झाड हाय ते, पळून नाय जायाचं! आमाला घरी जायाचं हाय!"

"एवढी एक उमलू दे, बाई."

कळी उमलली. मोगरा स्कूटरवर माझ्या मांडीत बसून बोईसरला आला. वाटभर मी हसत होतो.

पाडव्यानंतर एका संध्याकाळी कुंपणावरून हाक आली, "ये लेका, हजर झाला!"

गेलो. कुंडीत पहिलं फूल उमललं होतं. ओट्यावर दोन खुर्च्या होत्या. एकीवर काका, दुसरी मोकळी. मी तिच्यावर बसणार तोच ते म्हणाले, "तिथं नको. ती काकूची."

काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. सकाळी मुलींना शाळेत सोडता यावं म्हणून काकांनी नोकरीभर दुसरी पाळी मागून घेतली होती. काकू रोज संध्याकाळी या ओट्यावर एकट्याच बसायच्या. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून बसायचं ठरलं होतं. काका निवृत्त झाले आणि चार महिन्यांत त्या गेल्या.

"चैत्रात दिवस मोठा होतो," काका फुलाकडे बघत म्हणाले. "संध्याकाळ एवढी लांब असते, मला ठाऊकच नव्हतं रे. ती कधी बोलली नाही."

मी पायरीवर बसलो, आणि दुसरी कळी उमलेपर्यंत उठलो नाही.