नीलांबरीबाई गाडी मागे घेत नाहीत

शामकांत गाडी पुसता पुसता वाकले आणि वाकलेलेच राहिले.

देवळाली प्रवरातल्या त्यांच्या घरासमोर ते असे उभे होते: हातात ओलं फडकं, नजर पुढच्या चाकावर आणि कमरेत अशी कळ की सरळही होता येईना आणि खालीही बसता येईना. चाकाकडे बघतच त्यांनी बायकोला हाक मारली.

"नीला! कार्यक्रम रद्द. देवश्रीला फोन करून सांग."

नीलांबरीबाई साडीची पिन लावत बाहेर आल्या. त्या दिवशी राहात्याला त्यांच्या लेकीच्या, देवश्रीच्या, फिजिओथेरपी सेंटरचं उद्घाटन होतं. फीत कापायला एखादा पुढारी बोलवावा, असं सासरच्या मंडळींपासून जागामालकापर्यंत सगळ्यांनी सुचवून पाहिलं होतं. देवश्रीने ठणकावून सांगितलं होतं, फीत माझी आई कापणार, नाहीतर फीतच नको.

"रद्द कशाला?" नीलांबरीबाई म्हणाल्या. "कंबर तुमची धरलीय, माझी नाही."

"मग गाडी कोण चालवणार? लग्नसराईत ड्रायव्हर मिळत नाही. आणि मिळाला तरी माझ्या गाडीला मी दुसऱ्याचा हात लावू देणार नाही."

"दुसऱ्याचा कशाला? मी चालवते."

शामकांत हसले. पण हसण्याची कळ कमरेपर्यंत गेली आणि हसू अर्ध्यातच कण्हण्यात बदललं.

नीलांबरीबाईंकडे लायसन्स होतं. तरुणपणी त्यांनी ड्रायव्हिंग क्लास केला होता. तिथे स्टिअरिंग त्यांच्या हातात असायचं आणि बाकी सगळं शेजारच्या सरांच्या पायात. पुढे लायसन्सची मुदत शामकांतांनी कधी संपू दिली नाही, कारण सरकारी कार्यालयात जन्म काढलेल्या माणसाला मुदत संपलेला कागद घरात सहन होत नाही. गाडीची किल्ली मात्र त्यांनी बायकोच्या हातात एकदाही दिली नव्हती.

पण गेल्या दिवाळीपासून नीलांबरीबाई रोज गाडी चालवत होत्या. ते असं झालं, की त्यांचा मुलगा सुश्रुत दिवाळीला आला तेव्हा आपलं हातात मावणारं गेमचं यंत्र घरीच विसरून गेला. धूळ पुसताना बाईंचा हात एका बटणावर पडला आणि पडद्यावर लाल गाडी घरघरू लागली. दुपारची सिरियल त्या दिवशी जी बुडाली, ती बुडालीच.

आठवडाभराने त्यांनी सुश्रुतला फोनवर अभिप्राय दिला.

"चांगला आहे रे गेम. अंगठा नुसता टेकवला की गाडी वळते. वळणावर मागची बाजू सर्रकन घसरते ना, की परत परत घसरावंसं वाटतं. वेग तर असा, की मी चष्मा घट्ट धरून बसते."

"पण?" सुश्रुतने विचारलं. शेजारणीच्या आमटीपासून नव्या सुनांपर्यंत त्याच्या आईने 'पण'शिवाय कशाचंच कौतुक केलं नव्हतं.

"पण रस्ते मोजकेच, लगेच पाठ होतात. अक्षरं मुंगीएवढी. आणि मागच्या गाड्या लबाडी करतात. मी कितीही पुढे गेले तरी शेवटच्या वळणावर रबराने ओढल्यासारख्या येऊन चिकटतात. मग आधी मी चांगली चालवली त्याचं काय? भिंतीला आपटलं तर साधा पोचा येत नाही. हॉर्न नाही, म्हैस नाही, स्पीडब्रेकर नाही. कुठे अडकलं तर कोणीतरी गाडी अलगद उचलून परत रस्त्यावर ठेवतं. आपल्याकडे कोण ठेवतं रे असं?"

"अगं आई, मजेचा गेम आहे तो!"

"मजा आहेच. म्हणून तर एवढं सांगत बसलेय."

एक उणीव मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. ती त्यांना पुढे पाटाच्या रस्त्यावर कळायची होती.

शेवटी किल्ली बाईंच्याच हातात आली. शामकांतांना मागच्या सीटवर आडवं घालायला शेजारचे दोघे लागले. पाय दुमडून, डोक्याखाली उशी घेऊन ते उताणे झोपले. त्यांना खिडकीतून फक्त आकाश आणि विजेच्या तारा दिसत होत्या. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

"क्लच!" मागून आवाज आला.

"गेममध्ये क्लच नसतो."

"मग गेममध्येच जा राहात्याला!"

नीलांबरीबाईंनी पुन्हा किल्ली फिरवली, क्लच सोडला आणि या वेळी गाडी निघाली. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. आणि मग त्यांची त्यांनाच गंमत वाटू लागली. नजर बॉनेटवर न ठेवता लांब ठेवायची, वळण यायच्या आधीच मनात वळायचं, शेजारून कोणी सणसणत गेलं तरी दचकायचं नाही. हे सगळं त्यांना येत होतं. अंगठ्यांचं हातांना समजलं होतं.

शामकांतांच्या खिडकीतून उसाचे शेंडे सरकत गेले.

"हे काय गेलं?"

"उसाची ट्रॉली."

"तू ओव्हरटेक केलंस?"

"ती मला करत नव्हती, मग मीच केलं."

कोल्हारच्या पुढे रस्त्याचं काम निघालं होतं आणि वाहनांची रांग जागची हलत नव्हती. एका मोटारसायकलवाल्याने जाता जाता सांगितलं, "काकू, पाटाच्या कडंनं जावा, पुढं बाभळेश्वरला निघाल." नीलांबरीबाईंनी गाडी वळवली. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला शेताला पाणी नेणारी, आता कोरडी पडलेली चारी आणि मधे एका गाडीपुरता रस्ता. पाटाच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. असा देखावा गेममध्ये असता तर, असं त्यांच्या मनात येतंय तोच समोरून एक भलीमोठी पांढरी गाडी आली आणि बॉनेटला बॉनेट लावून उभी राहिली.

गाडीतून सूर्यभान उतरले. हे जवळच्याच गावातल्या सहकारी सोसायटीचे चेअरमन. कडक इस्त्री, कपाळाला टिळा, आणि समोरचा नेहमी बाजूला होतो असा अनुभव.

"काकू, वाईच मागं घ्या गाडी. ते काय, मागं रस्ता रुंद हाय."

नीलांबरीबाईंनी गियरच्या दांड्याकडे पाहिलं. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की इतके महिने त्या समुद्रकाठाने गेल्या, बर्फातून गेल्या, बोगद्यातून गेल्या, पण मागे कधी गेल्याच नाहीत. त्या गेममध्ये मागे जायची सोयच नव्हती.

"रिव्हर्स टाक," मागून शामकांत कुजबुजले.

"कुठाय तो?"

"कुठाय म्हणजे? जिथे असतो तिथे!"

बाईंनी दांडा अंदाजाने ओढला आणि क्लच सोडला. गाडी वीतभर पुढे उडी मारून बंद पडली. सूर्यभान दोन ढांगांत मागे सरले.

"अंगावर घालता का काय!"

"सांग त्याला येत नाही म्हणून," शामकांत पुन्हा कुजबुजले.

"मेले तरी सांगणार नाही." आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून नीलांबरीबाई मोठ्याने म्हणाल्या, "मी गाडी मागे घेणार नाही!"

"न्हाई घेनार? का पन?"

"नाही घेणार म्हणजे नाही घेणार. तुम्ही घ्या."

बाजूच्या शेतात कांदे काढणाऱ्या बाया हात थांबवून बघू लागल्या. त्यांच्यातल्या भामाबाई खुरपं हातात घेऊनच बांधावर आल्या. सूर्यभानांना त्या चांगल्याच ओळखत होत्या. सूर्यभान आजवर कोणासाठी थांबल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि हा खेळ त्यांना बघायचा होता.

"काय झालं वं, बाई?"

"हे म्हणतात मागे घ्या. मी नाही म्हणतेय."

"बरूबर हाय!" भामाबाई म्हणाल्या. नेमकं काय बरोबर होतं हे त्यांनी विचारलं नाही. "दर टायमाला बायामान्सानंच का मागं सराचं?"

इतक्यात रिव्हर्स नेमका कुठे असतो ते दाखवायला शामकांतांनी उठायचा प्रयत्न केला. कंबर कचकन धरली आणि "आई गं!" अशी किंकाळी पाटापलीकडे ऐकू गेली.

"अगं बया, आत पेशंट हाय!" भामाबाई ओरडल्या. "आन् ह्ये रस्ता अडवून उभं ऱ्हायलं!"

सगळ्या बाया धावत आल्या. मागच्या काचेला नाकं लागली. आतून शामकांत हाताने 'काही नाही, काही नाही' असं सांगत होते, पण काचेबाहेरून तो शेवटचा निरोप वाटत होता.

सूर्यभानांचा नूर उतरला. "काकू, सिरीयस पेशंट हाय तर आधी सांगायचं की."

खोटं बोलून सुटायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. पण नीलांबरीबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "पेशंट सिरीयस नाही. गाडी पुसताना कंबर धरलीय. तरीही मी मागे घेणार नाही."

पेशंटचा धाक असता तर सूर्यभान मोठेपणाने बाजूला झाले असते. आता मोठेपणाचीही सोय राहिली नव्हती. मागून उसाचा ट्रॅक्टर येऊन बाईंच्या गाडीमागे थांबला आणि त्याने हॉर्नवर हात ठेवला. भामाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सूर्यभान निमूट गाडीत बसले.

त्यांनी मान वळवून गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. बाया दोन्ही बाजूंनी सूचना देत होत्या, एकीचं ऐकावं तर दुसरी उलटं सांगत होती. शेताच्या फाट्यापर्यंत ते कसेबसे पोचले, मान आणखी पिळली आणि मागचं एक चाक अलगद चारीत उतरलं. गाडी तिरकी झाली, पण रस्ता मोकळा झाला.

नीलांबरीबाईंनी बाजूने गाडी काढली, थांबवली आणि विचारलं, "मदत पाठवू का कोणाची?"

"तुमी जावा, काकू," सूर्यभान मान तशीच तिरकी ठेवून म्हणाले. "तुमी फक्त पुढं जावा."

बायांनी "एक, दोन" करत त्यांची गाडी ढकलायला घेतली होती.

राहात्याला देवश्री दारात वाट बघत होती. नीलांबरीबाईंनी फीत कापली, टाळ्या झाल्या आणि पहिला पेशंट म्हणून शामकांतांना आतल्या टेबलावर पालथं घातलं गेलं. कमरेवर शेक चालू असतानाच दाराशी कोणीतरी विचारलं, "मान आखडलीय, इथं काय इलाज हुतो का? बाहेर बोर्ड बघितला."

सूर्यभान होते. मान डावीकडे वळलेली, त्यामुळे ते बोलत होते देवश्रीशी आणि बघत होते नीलांबरीबाईंकडे.

"तुमी!" ते म्हणाले. मग जवळच्या खुर्चीत हळूच टेकत म्हणाले, "काकू, एकच सांगा. राग न्हाई माझा. पन गाडी का न्हाई घेतली मागं?"

नीलांबरीबाई काही बोलायच्या आत टेबलावरून, उशीत तोंड खुपसलेल्या अवस्थेत, आवाज आला.

"ती गाडी मागे घेत नाही," शामकांत म्हणाले. "आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

नीलांबरीबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. संसारात शामकांतांनी कोणासमोर बायकोची बाजू घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पाठीवरून चेहरा काही कळत नव्हता.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. गाडी सेंटरच्या भिंतीला नाक लावून उभी होती. पुढे जायला हातभरही जागा नव्हती. नीलांबरीबाई स्टिअरिंगवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. मानेला पट्टा बांधलेले सूर्यभान पायरीवरून बघत होते. थोड्या वेळाने ते खिडकीपाशी आले आणि सगळं ओळखलेला माणूस बोलतो तसं हळू आवाजात बोलले.

"दांडा आधी खाली दाबायचा, काकू. मंग डावीकडं आन् पुढं. मला मागं बघता येत न्हाई, ते तुमी बघा."

"मी घेणार नाही म्हटलं होतं," नीलांबरीबाई म्हणाल्या.

"आता कोन सांगतंय घ्या म्हनून?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. खरंच, कोणी सांगत नव्हतं. शामकांतसुद्धा मागच्या सीटवर उताणे, आकाशाकडे बघत गप्प होते. बाईंनी दांडा खाली दाबला, डावीकडे पुढे ढकलला. गाडी दोन बोटं मागे सरकली, मग हातभर, मग सावकाश अख्खी गल्लीत आली.

"जमलं की!" सूर्यभान ओरडले आणि टाळी वाजवायला गेले, तशी मान पुन्हा धरली.

"देवश्री," गाडी फिरवता फिरवता नीलांबरीबाईंनी हाक दिली, "यांना परत आत घे गं!"