इनासच्या गाडीमागची होडी

आमच्या इमारतीतला इनास भेटला की आधी माणसाचं वजन सांगतो आणि मग गुड मॉर्निंग म्हणतो. माझी त्याची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "ताई, पिशव्यांसकट अडुसष्ट." मी घरी जाऊन पिशव्यांसकट काट्यावर उभी राहिले. अडुसष्टच भरले. पुढचा आठवडाभर मी जिन्याने ये-जा केली, निम्मी रागाने आणि निम्मी आशेने.

इनास वसईकडचा, किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळ्याचा मुलगा. दुबईतल्या एका हॉटेलात लिफ्टच्या मेंटेनन्सला आहे. किती माणसं चढली की लिफ्ट अडणार, हे बघण्यातच त्याचा जन्म गेला, त्यामुळे नजर तशी झाली असावी. तिथल्याच डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत आमचे दरवाजे समोरासमोर. हा घरीही असाच का, असं मी त्याच्या बायकोला, रीटाला विचारलं. ती म्हणाली, "ताई, लग्नाच्या फोटोत मी हसत नाहीये, बघितलंत ना? तेव्हा हा कानात सांगत होता की गाऊनच चार किलोचा आहे."

अशा माणसाने आपल्या जुन्या सात सीटच्या मिनीव्हॅनमागे ट्रेलर लावून होडी न्यायचं मनावर घेतलं, तेव्हा आमच्या मजल्याची शांतता गेली.

इथे लोक मोठमोठ्या गाड्यांमागे काय वाटेल ते अडकवतात आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून निघतात. इनासचं तसं नाही. गाडीच्या पुस्तकात ती किती ओढू शकते ते लिहिलेलं असतं. तो आकडा त्याने बायबलच्या वचनासारखा पाठ केला होता. "ताई, लोक होडीचं वजन धरतात आणि ट्रेलरचं विसरतात. ट्रेलर काय हवेत चालतो? मग होडीचं इंजिन, पेट्रोल, दोर, नांगर. शिवाय ट्रेलरचा भार गाडीच्या हुकवर येतो, तो डिकीत सामान ठेवल्यासारखाच मोजायचा. आणि गाडीत बसलेली माणसं तर वेगळीच."

"अरे, पण गाडी ओढेल ना?" मी कंटाळून विचारलं.

"ओढेल हो. थांबेल का ते विचारा."

हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, चर्चच्या बाहेर, कुठेही ऐकवायचा. शारजात एक मल्याळी सेकंडहँड होड्या विकायचा. तो म्हणाला, "भाई, सब लोग ले जाता है, कुछ नहीं होता." त्यावर इनास त्याला म्हणाला, "जब होगा, तब तुमको फोन करूँ?" आणि होडी न घेता परत आला. अशा किती होड्या त्याने नाकारल्या ते देवाला ठाऊक. एक जड होती, एकीचा ट्रेलर जड होता, एकीचा तोल मागे जात होता. पुढचा भाग हलका राहिला तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवतो, असं त्याने मला डायनिंग टेबलावर बटाटा आणि लाटणं घेऊन दाखवलं. त्याची मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "पपा, इट्स अ बोट. नॉट अ रॉकेट."

या सगळ्यामागे पास्कूबाबा होते, इनासचे वडील. आयुष्यभर समुद्रावर गेलेला माणूस. गुडघे गेल्यावर त्यांची होडी विकली. पुढे बायको गेली. मग ते धाकट्या मुलाच्या घरी खाटेवर बसून राहिले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी झालं. फोनवर इनास विचारायचा, "बाबा, काय केलंत आज?" तिकडून उत्तर यायचं, "काय करणार?" एकदा न राहवून इनास बोलून गेला, "बाबा, इथे या. मी तुम्हाला होडीतून नेतो." त्यावर म्हातारा म्हणाला, "कधी?"

त्या एका शब्दासाठी इनासची एवढी धावपळ चालली होती.

शेवटी एक हलकी फायबरची होडी मिळाली, ट्रेलरही मिळाला. पण हिशेब थोडक्यात हुकत होता. इनासने मागच्या सीट काढल्या. बर्फाची पेटी बाद केली. रीटाला आणि मुलांना माझ्या गाडीत टाकलं. स्पेअर चाक तेवढं काढेना. तरी वजन जास्तच भरत होतं. मी म्हटलं, "अरे, बाबांनाही माझ्याच गाडीत बसव की. खलास!"

"नाही ताई," तो म्हणाला. "बाबा माझ्याशेजारी बसणार. होडी मागून येतेय, ती त्यांना आरशात दिसली पाहिजे."

मी वाद सोडला आणि हिशेबाकडे वळले.

"बाबांचं वजन किती धरलंस?" मी विचारलं.

"नव्वद. खांद्यावर इंजिन घेऊन ओल्या वाळूतून घरी यायचे हो."

जगाचं वजन नजरेने सांगणाऱ्या या माणसाने बापाचं वजन मात्र लहानपणच्या आठवणीतून काढलं होतं. फोनवर चेहरा दिसायचा, पण तेवढाच.

एअरपोर्टवर इनास आणि मी गेलो होतो. दार उघडलं आणि व्हीलचेअरवर पास्कूबाबा आले. अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा इतका मोठा. इनासने त्यांच्याकडे पाहिलं आणि या वेळी वजनाचा आकडा काही सांगितला नाही. पाया पडला. गाडीपाशी आल्यावर वाकून त्यांना उचललं, पुढच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला, दार हलकेच बंद केलं. मग गाडीला वळसा घालून मागे गेला आणि तिथेच थांबला. मी जवळ गेले.

"बसतंय, ताई," तो म्हणाला. "आता सगळं बसतंय. वर मार्जिनही राहतंय." आणि पार्किंगमध्ये उभ्या उभ्या तो रडायला लागला. मलाही रडू आवरेना. एवढे दिवस जो हिशेब जमावा म्हणून तो धडपडत होता, तो असा जमायला नको होता.

शनिवारी सकाळी आम्ही उम्म अल कुवैनच्या खाडीकडे निघालो. इनास पुढे, आम्ही त्याच्या मागे. मोठमोठ्या गाड्या हॉर्न मारत आम्हाला मागे टाकत होत्या. इनासच्या गाडीचा वेग काही बदलला नाही. मागून मला त्याच्या गाडीच्या बाजूच्या आरशात म्हाताऱ्याचा चेहरा दिसत होता. तो सगळा रस्ता आरशाकडेच वळलेला होता.

खाडीवर होडी पाण्यात उतरली. रीटाने लाइफ जॅकेट आणलं, तर पास्कूबाबांनी ते आधी उलटंपालटं करून तपासलं, नावं ठेवली आणि मग घातलं. आल्यापासून एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. पण होडी गुडघाभर पाण्यात होती आणि त्यांना चालवत नव्हतं. इनासने पँट वर दुमडली, त्यांच्यासमोर पाठ करून वाकला आणि त्यांना पाठीवर घेतलं. म्हाताऱ्याने त्याच्या गळ्यात हात टाकले. आम्ही काठावर उभे होतो.

पाण्यात चार पावलं गेल्यावर पास्कूबाबांनी विचारलं, "जड झालो का रे तुला?"

अर्ध्या किलोचीही सवलत कुणाला न देणारा इनास पाण्यात थांबला. त्याने पाठीवरचा बाप जरा वर सरकवून नीट घेतला.

"हो बाबा," तो म्हणाला. "फार जड आहात तुम्ही. जरा हळूच चालतो."